पाण्यावरची काजळी : सुमिनागाशी शिकू पाहणाऱ्यांसाठी

वणी तालुक्यातल्या राजूरला यवतमाळ जिल्हा ओळखतो तो कोळशासाठी आणि चुनखडीसाठी. वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातले हे गाव. इथल्या जमिनीखालचे कोळशाचे थर पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे आहेत. १९७३ साली देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या माणसांचे दिवस खाणीच्या पाळ्यांवर मोजले जातात. खाणीच्या हद्दीपलीकडे शेते आहेत : पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. अशा गावात बसून जपानमधल्या जवळजवळ हजार वर्षे जुन्या कलेवर पुस्तक का लिहायचे, हे वाचकाला आधीच सांगायला हवे.

सुमिनागाशी ही कला चार गोष्टींवर उभी आहे. दिव्याची काजळी, पाणी, शोषून घेणारा कागद किंवा कापड, आणि कापडावर काजळी टिकावी म्हणून सोयाबीनचे दूध. या चारही वस्तू राजूरच्या पंचक्रोशीत मिळतात. मिळत नाही ते त्यांना एकत्र आणण्याचे ज्ञान, आणि तेच या पुस्तकात द्यायचा प्रयत्न केला आहे. आज कलेचे साहित्य खोक्यात भरून घरपोच येते; खोके उघडायचे, सूचना वाचायच्या, चार कागद छापायचे आणि खोके संपले की कलाही संपते. माझे म्हणणे असे की आपल्या गावचे पाणी, आपल्या घरची काजळी आणि आपल्या शेतातला कापूस ओळखून जो ही कला शिकेल, त्याच्याकडे ती राहील. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण याच विश्वासाने लिहिले आहे.

आधी ही रीत नेमकी काय आहे ते पाहू. पसरट भांड्यात तीन-चार बोटे पाणी घ्यायचे आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्यायचे. एका हातात शाईत बुडवलेला कुंचला, दुसऱ्या हातात पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रवात बुडवलेला कुंचला. शाईच्या कुंचल्याचे टोक पाण्याला नुसते टेकवले की काळसर वर्तुळ पसरते. त्याच्या मध्यावर दुसरा कुंचला टेकवला की त्या वर्तुळाच्या पोटात स्वच्छ पाण्याचे वर्तुळ उघडते आणि शाई कड्यासारखी बाहेर सरकते. पुन्हा शाई, पुन्हा स्वच्छ वर्तुळ. अशी एकात एक कडी वाढत जातात, झाडाचा बुंधा आडवा कापल्यावर दिसतात तशी. मग पाण्यावर हलकी फुंकर घालायची, पंख्याने किंचित वारा द्यायचा, किंवा एखादा केस पृष्ठभागावरून ओढायचा. कडी ताणली जातात, वळतात, नागमोडी होतात, पण त्यांच्या मधली अंतरे पुसली जात नाहीत. शेवटी कागद पाण्यावर टेकवला की सगळी नक्षी क्षणार्धात त्यावर उतरते आणि पाणी मोकळे होते. त्या कागदासारखा दुसरा कागद पुन्हा निघत नाही.

जपानमध्ये ही रीत किती जुनी आहे याचा भक्कम पुरावा क्योटोच्या निशी होंगानजी या बौद्ध मंदिराच्या संग्रहात आहे. तिथे छत्तीस कवींच्या रचनांचे एक हस्तलिखित होते. ते १११२ च्या सुमारास तयार झाले असे मानतात. त्यातले कागद नाना प्रकारांनी सजवलेले आहेत आणि काही कागदांवर सुमिनागाशीची पुसट, वाहती वलये आहेत. त्या वलयांवरून सुलेखनकारांनी कविता लिहिल्या. १९२९ साली या हस्तलिखिताचे दोन खंड सुटे करण्यात आले आणि त्यांची पाने वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेली; बाकीचा संग्रह जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला जातो. नऊशे वर्षांनंतरही ती काजळी विटलेली नाही. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि उन्हाने उडून जाण्याचा दोष तिच्यात नाही. शिकणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण करतो ते काम, नीट केले तर, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जगणार आहे.

एचिझेन हा आजच्या फुकुई प्रांतातला कागदनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेला भाग. तिथल्या हिरोबा घराण्यात सुमिनागाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घराण्याची परंपरा सांगते की ११५१ मध्ये नारा इथल्या कासुगा देवस्थानात त्यांच्या पूर्वजाला ही विद्या मिळाली आणि मग तो योग्य पाण्याच्या शोधात हिंडत एचिझेनला स्थायिक झाला. यातला इतिहास किती आणि श्रद्धा किती याची चर्चा इथे करत नाही. पण या कलेतल्या सर्वांत जुन्या घराण्याने आपली कथा सांगताना शाईला किंवा कुंचल्याला मान दिला नाही, पाण्याला दिला. हा धागा पुढे राजूरच्या पाण्यापाशी पुन्हा लागेल.

जपानच्याही आधी चीनमध्ये याच्या जवळची रीत होती. सू यिज्येन या विद्वानाने ९८६ च्या सुमारास लेखनसाहित्यावर लिहिलेल्या ग्रंथात रंगीत, तरंगत्या नक्षीच्या कागदाचे वर्णन केले आहे. त्यात फेस देणाऱ्या एका शेंगेचा लगदा पाण्यात घालून त्यावर शाई आणि रंग सोडण्याची कृती येते. ही शेंग आपल्या शिकेकाईसारखीच सॅपोनिनयुक्त, म्हणजे साबणासारखा फेस आणणारे द्रव्य असलेली. म्हणजे पाण्याचा ताण बदलण्यासाठी शेंगेचा रस वापरावा, हे हजार वर्षांपूर्वी माहीत होते. या पुस्तकात रिठ्याचे पाणी वापरायला सांगितले आहे, ते याच तत्त्वावर.

तिकडे पश्चिम आणि मध्य आशियात या कलेचे दुसरे कूळ वाढले. तिथे नुसत्या पाण्यावर रंग न सोडता डिंकासारख्या पदार्थाने घट्ट केलेल्या पाण्यावर सोडतात. त्यामुळे रंग जागच्या जागी राहतात आणि काडीने फुले-पाने काढता येतात. तुर्कस्तानातल्या या एब्रूचा युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. हेच कूळ इराणमार्गे दख्खनमध्ये आले आणि इथे त्याला एक नवे वळण मिळाले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिलशाहीतल्या विजापुरात चित्रकारांनी अबरीचा, म्हणजे घट्ट पाण्यावरून उतरवलेल्या या रंगनक्षीचा, उपयोग थेट चित्रासाठी केला. कागदाचा काही भाग झाकून ठेवायचा, उरलेल्या भागावर रंगांच्या लाटा उतरवायच्या, आणि मग बारीक रेघांनी चित्र पुरे करायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये विजापूरचे सुमारे १६२५ चे असे एक चित्र आहे : हाडे दिसणाऱ्या मरतुकड्या घोड्यावर बसलेला एक विरक्त. अबरीच्या लाटांनी त्या घोड्याच्या अंगाला जी सुरकुतलेली, थकलेली कांती दिली आहे, ती कुंचल्याने रंगवून साधणे अवघड. जगात इतर ठिकाणी अबरी पुस्तकाच्या आतल्या पानांची आणि सुलेखनाच्या चौकटीची शोभा होती. दख्खनने तिला चित्राचा देह केला. मराठी मुलुखाला लागून असलेल्या विजापुरात हे घडले, आणि तरी आपल्या शाळांच्या चित्रकलेच्या तासाला त्याचा उल्लेख होत नाही, याची खंत वाटते. या पुस्तकाच्या एका प्रकरणात अबरीची माहिती मुद्दाम दिली आहे.

आणि त्याहूनही जवळची गोष्ट आपल्या अंगणात आहे. दिवाळीत, लग्नकार्यात, शाळांच्या स्पर्धांत महाराष्ट्रभर पाण्यावरची रांगोळी काढतात. परातीत किंवा घंगाळात पाणी स्थिर करायचे, त्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड अलगद भुरभुरायची, की पृष्ठभागावर काळी साय धरते. त्या सायीवर चिमटीतून रांगोळीचे रंग सोडायचे. काही जणी कोळशाऐवजी मेणाचा पातळ थर वापरतात. ज्या बाईने ही रांगोळी एकदा काढली आहे, तिला सुमिनागाशीचा निम्मा पाठ आधीच येतो : पाणी हलू द्यायचे नाही, पंखा बंद ठेवायचा, श्वास जपून सोडायचा, आणि हात पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. फरक एवढाच की रांगोळी पाण्यावरच राहते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जित होते. सुमिनागाशीत ती कागदावर उचलून घेतात.

कोळशाची पूड का तरंगते? शाई का पसरते आणि मिसळत का नाही? या प्रश्नांची उत्तरे समजली तर हात लवकर वळतो, म्हणून त्यांना इथे जागा देते. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना आत आणि बाजूला ओढून धरतात, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा हा ताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साबण विरघळला की तो निम्म्याच्याही खाली येतो. कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे पृष्ठभाग सरकतो. रिठ्याच्या पाण्याचा कुंचला टेकवला की शाईचे कडे बाहेर पळते ते यामुळे. कोळसा आणि काजळी पाण्याला सहजासहजी जवळ करत नाहीत, म्हणून त्यांचे बारीक कण वर राहतात. कोळसा धुण्याच्या कारखान्यांत बारीक कोळसा मातीपासून वेगळा करायला हाच गुण वापरतात : पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि माती खाली राहते. खाणीच्या गावातल्या मुलांना हे विज्ञान परके वाटायचे कारण नाही.

पृष्ठताणाच्या अभ्यासाचा एक मोठा अध्याय स्वयंपाकघरात लिहिला गेला आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहत होती. तिला भौतिकशास्त्राची ओढ होती, पण तेव्हा तिथली विद्यापीठे मुलींना प्रवेश देत नसत. घर सांभाळताना, भांडी घासताना तिने पाण्यावरचे तेलाचे आणि साबणाचे थर न्याहाळले. एक पसरट पात्र आणि सरकती पट्टी वापरून ताण मोजण्याचे साधन घरीच तयार केले. १८९१ मध्ये तिने आपले निष्कर्ष इंग्लंडमधल्या लॉर्ड रेली या शास्त्रज्ञाला पत्राने कळवले आणि त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले. आजच्या प्रयोगशाळांत पृष्ठभागावरचे थर अभ्यासण्यासाठी जी पात्रे वापरतात, त्यांची मूळ कल्पना तिच्या त्या पात्रात आहे. पुढे जपानमध्ये तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात टोकियोच्या रिकेन संस्थेत शाईचा आणि खुद्द सुमिनागाशीचा शास्त्रीय अभ्यास केला. तेरादा निबंधकार म्हणूनही नावाजलेले होते. रोजच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीत खोल प्रश्न असतात, हे या दोघांनी दाखवले. या पुस्तकाच्या वाचकांत ज्या मुली असतील, त्यांनी आग्नेस पॉकेल्सचे नाव लक्षात ठेवावे.

आता राजूरच्या पाण्याकडे येते. चुनखडीच्या प्रदेशातले भूजल बहुधा जड असते. त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ असे म्हणतात. सुमिनागाशीत हे क्षार दोन ठिकाणी आड येतात. एक तर काजळीचे सुटे कण त्यांच्यामुळे एकमेकांना चिकटतात, गाठी धरतात आणि कड्यांची धार जाते. दुसरे म्हणजे साबण वापरला असेल तर त्याची चिवट साय वर येते आणि शाईला सरकू देत नाही. म्हणून पहिला धडा पाणी तपासण्याचा ठेवला आहे. झाकणाच्या बाटलीत थोडे पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचे काही तुकडे टाकून जोरात हलवा. भरपूर, टिकणारा फेस आला तर पाणी हलके. फेस न येता पांढुरका गढूळपणा आला तर जड. बोअरचे, विहिरीचे, नळाचे आणि पावसाचे, अशी चारही पाणी एकाच दिवशी तपासून शेजारी शेजारी ठेवावीत. पावसाचे पाणी सर्वांत हलके. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छतावरची धूळ घेऊन येते, ते सोडून द्यावे. नंतरचे स्वच्छ कापडातून गाळून झाकून ठेवावे. पावसाचे पाणी संपले तर उकळून, थंड करून, निवळलेले पाणी घ्यावे. उकळल्याने जडपणाचा एक भाग भांड्याच्या तळाला पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी तापले की त्याचा ताण उतरतो, वारा धूळ आणतो, आणि कागद पाण्यातून काढल्यावर पाहता पाहता वाकडा वाळतो. या दिवसांत काम पहाटे करावे, धुळीपासून भांडे झाकून ठेवावे. पावसाळ्यात हवा ओली असते. कागद आणि कापड वाळायला वेळ लागतो आणि बुरशी धरते. हिवाळ्याची सकाळ सर्वांत चांगली. कोणत्याही ऋतूत प्रत्येक छाप घेण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावी. तिच्याबरोबर धूळ, तेलकटपणा आणि आधीच्या शाईचे अवशेष निघून जातात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण यात हयगय केली तर पुढचे सगळे फुकट जाते.

काजळीविषयी एक गोष्ट फार स्पष्ट सांगायची आहे. खाणीतला कोळसा वाटून त्याची शाई करू नये. कोळशाच्या कणांचा आकार काजळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यातून तलम कडे निघत नाही. आणि त्याची धूळ श्वासातून फुप्फुसांत साठते. खाणकामगारांच्या घरात या धुळीचे दुखणे काय असते हे कुणाला वेगळे सांगायला नको. शाईसाठी दिव्याची काजळी घ्यावी. जपानमध्ये ती पाइनचे लाकूड किंवा मोहरी-तिळासारखी तेले जाळून धरतात, सरसात मळतात, सुगंधी द्रव्य घालतात आणि साच्यात दाबून महिनोन्‌महिने वाळवतात. नारा शहरात हा व्यवसाय शतकानुशतके चालत आला आहे. तिथली कोबाइएन ही पेढी १५७७ पासूनची. वापरताना ती कांडी दगडी पाट्यावर पाण्यात सावकाश उगाळतात. आपल्याकडेही ही विद्या होती. तेलाच्या दिव्यावर पितळी भांडे उपडे धरून काजळ पाडणे घराघरांत चाले, आणि काजळीत बाभळीचा डिंक घालून केलेल्या शाईने बोरू चालले. मोडी दप्तरांतली अक्षरे आजही काळीभोर आहेत ती या काजळीमुळे. पुस्तकात काजळी आणि सरस यांच्या शाईची कृती दिली आहे. सरस जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून होतो. ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी डिंकाची कृतीही आहे. दोन्हींची वागणूक वेगळी असते, ती आपल्या हाताने पडताळून घ्यावी. शाई घट्ट असली तर थेंब सरळ तळाला जातो, फार पातळ असली तर कडे दिसतच नाही. या दोन टोकांच्या मधली जागा सापडणे हा शिकण्यातला पहिला आनंद आहे.

कागदाबाबत आपण श्रीमंत प्रदेशात राहतो, हे आपण विसरलो आहोत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा मध्ययुगापासून आहे. मराठा काळातल्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरले जात. विसाव्या शतकात आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून या उद्योगाला नवे बळ मिळाले. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम उभे केले, आणि हातकागद हा त्यातला महत्त्वाचा उद्योग होता. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. सुमिनागाशीला असाच हाताने केलेला, लांब धाग्यांचा, कमी खळीचा कागद लागतो. गुळगुळीत, चकाकणारा आर्ट पेपर शाई आत घेत नाही. वहीचा स्वस्त कागद ओला झाला की फाटतो. नवशिक्याने टीपकागदावर सराव करावा आणि हात बसला की हातकागदाकडे यावे. कागद टेकवताना दोन टोके हातात धरून मधला भाग आधी पाण्याला लावावा आणि मग दोन्ही बाजू सावकाश सोडाव्यात. हवा अडकली तर तिथे पांढरा ठिपका राहतो आणि तो पुढे बुजवता येत नाही.

कापड हा या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्यात तो असायलाच हवा. आपल्या शेतातली बोंडे फुटतात, कापूस वणीच्या बाजारात जातो, गाठी बांधल्या जातात आणि पुढे त्याचे काय होते हे पिकवणाऱ्याला दिसत नाही. मांजरपाटाचा किंवा खादीचा एखादा तुकडा घेऊन त्यावर स्वतःच्या हाताने नक्षी उतरवणे, हे त्या तुटलेल्या साखळीतला एक दुवा परत जोडणे आहे. मात्र कापड कागदाइतके सोपे नाही. दुकानातून आणलेल्या कापडाला खळ असते. ती गरम पाण्यात, साबणाने पुरती काढावी लागते, नाहीतर शाई वरच राहते. शिवाय काजळी हा रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक नाते जोडत नाही. ती धाग्यांच्या फटींत अडकून राहते. तिला धरून ठेवायला काहीतरी हवे. जपानी रंगारी त्यासाठी सोयाबीनचे ताजे दूध वापरतात. सोयाबीन रात्रभर भिजवायचे, बारीक वाटायचे, कापडातून गाळायचे, पाण्याने पातळ करायचे. या दुधात कापड बुडवून, निथळवून, सावलीत सपाट वाळवायचे आणि मग त्यावर छाप घ्यायचा. दुधातली प्रथिने दिवसागणिक घट्ट होत जातात आणि काजळीला धाग्याशी बांधून टाकतात, म्हणून छापलेले कापड काही आठवडे तसेच राहू द्यावे आणि मगच धुवावे. या कामाला ताजे दूधच लागते. आंबलेल्या दुधाचा वास कापडाला लागतो आणि पकडही नीट येत नाही.

अनेक आधुनिक पुस्तके कापडासाठी तुरटी सुचवतात. तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कापड रंग चांगला धरते, हे खरे. पण तुरटी आम्लधर्मी आहे. ती कापडात किंवा कागदात राहून गेली तर धागे कालांतराने ठिसूळ होतात. म्हणून तुरटी वापरली तर छाप झाल्यावर ती धुऊन काढावी, आणि ज्या कागदावर काही जपून ठेवायचे लिहायचे आहे त्याला ती लावूच नये. आज झटपट छान दिसणारे काम आणि दोन पिढ्या टिकणारे काम यांत निवड करायची वेळ आली तर दुसरे निवडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. आपल्या शाळांत चित्र म्हणजे समोरच्या चित्राची नक्कल, अशी सवय मुलांना लागते. मनात ठरवलेली नक्षी जशीच्या तशी काढायचा हट्ट सुमिनागाशीत धरता येत नाही. इथे आपल्या हातात असते ती तयारी : पाणी किती हलके, शाई किती पातळ, भांडे किती स्थिर, कुंचला किती वेळ टेकला, फुंकर कुठून आली. एवढे नीट केले की पुढचे काम पाणी करते. म्हणून प्रत्येक छापामागे पेन्सिलीने तारीख, पाणी कोणते, शाई कोणती आणि हवा कशी होती हे लिहावे. असे कागद साठत गेले की आपल्या गावच्या पाण्याचा एक अभ्यास आपोआप तयार होतो, आणि तो कोणत्याही छापील पुस्तकात नसतो. मुलांना हे शिकवणाऱ्या शिक्षकांनी गुण देताना सुंदर कागद कोणता हे पाहण्याआधी नोंदी कुणी प्रामाणिकपणे केल्या हे पाहावे. चित्रकला आणि विज्ञान हे दोन विषय एकाच परातीत शिकवण्याची अशी संधी क्वचित मिळते.

या कलेतून चार पैसे मिळतील का, हे बचत गटातल्या बायका आधी विचारतील आणि त्यांनी विचारावेही. वह्यांची आवरणे, पाकिटे, लग्नपत्रिकांचे कागद, पुस्तकबांधणीची आतली पाने, ओढण्या आणि रुमाल, एवढ्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळू शकते. पण या कामात वेग नाही, दोन वस्तू सारख्या नसतात, आणि मोठी मागणी एकसारख्या मालाची असते. जी विकत घेईल तिला कापड कसे धुवायचे हे लिहून द्यावे लागेल, आणि काजळीचा काळा रंग धुण्यागणिक थोडा मऊ होत जातो हेही सांगावे लागेल. खरे सांगून विकलेली वस्तू दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आणते. म्हणून सुरुवातीला ही कला पोटापाण्याचे साधन धरू नये. हातातल्या शिवणकामाला किंवा कागदकामाला जोड म्हणून तिची किंमत जोखावी.

एक जबाबदारीही आहे. ही कला जपानची आहे आणि तिचे नाव सुमिनागाशी आहे. आपण काजळी आपली वापरू, पाणी आपले वापरू, कापूस आपला वापरू, नक्षीही हळूहळू आपली होईल. तरी वस्तू विकताना, प्रदर्शनात मांडताना किंवा वर्गात शिकवताना हे नाव आणि हे मूळ सांगायला हवे. दुसऱ्याकडून घेतलेल्या विद्येचे ऋण उघडपणे मान्य केले तर ती विद्या आपल्याकडे सन्मानाने नांदते. विजापूरच्या चित्रकारांनी बाहेरून आलेल्या अबरीत स्वतःची भर घातली आणि म्हणून आज जग त्यांच्या कामापुढे थांबते. राजूरच्या एखाद्या मुलीच्या हातून अशी भर पडू शकते, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी तिला जपानी वलयांची नक्कल करून थांबता येणार नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिले प्रकरण पाण्याचे, दुसरे काजळीचे आणि शाईचे, तिसरे रिठा आणि इतर पृष्ठताण बदलणाऱ्या द्रवांचे. मग कागद, मग कापड, आणि त्यानंतर अबरी व पाण्यावरची रांगोळी यांच्याशी तुलना. शेवटी शाळांसाठी आणि गटांसाठी धडे दिले आहेत. वाचकाला घाई होईल आणि तो सरळ नक्षीच्या पानांकडे जाईल, हे मी जाणते. तसे करू नये. घरातली चार प्रकारची पाणी बाटल्यांत भरून, साबण घालून, शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दुसरे प्रकरण उघडू नये. ज्याने आपले पाणी ओळखले त्याला पुढची प्रकरणे सोपी जातील, आणि पुस्तकात नसलेल्या अडचणींची उत्तरेही तो स्वतः शोधू शकेल.

राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ